काकाजींचे कोन

खोली दाखवताना घरमालक साधारण विचारतात, लग्न झालंय का, मटण शिजवता का, पाहुणे फार येतात का. नांदुऱ्यात मला जे घरमालक मिळाले, त्यांनी जिन्याच्या पायथ्याशी थांबून विचारलं, "सर, एवढ्यात घरचं कोणी गेलं का?"

"कुठं?"

"वर."

मला वाटलं, वरच्या मजल्यावर. "नाही, तुम्ही पुढं व्हा, मी येतो मागून," मी म्हणालो.

ते एक डोळा मिटून माझ्याकडं बघत राहिले. शेवटी स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "मेलं का म्हून विचारून राह्यले ते! घाबरू नका. त्याईचं कामच हाय ते."

सगळं गाव त्यांना काकाजी म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागलो. शाळेत ड्रॉइंगमास्तर म्हणून निवृत्त झालेले. पण पोरांना त्यांनी काय शिकवलं हे कुणाला आठवत नव्हतं. त्यांचं खरं नाव होतं ते मेलेल्या माणसांच्या तसबिरींसाठी. धान्याच्या अडतीत जा, पतसंस्थेत जा, कुठल्याही बऱ्या घराच्या बैठकीत जा, चंदनाच्या हाराखाली काकाजींनी रंगवलेलं कुणीतरी बसलेलं असायचं. तालुक्यातले सगळे कर्तबगार मयत त्यांच्या हातून गेले होते. आणि सगळे एकाच स्वभावाचे. गालावर थोडी लाली, ओठांवर जेमतेम हसू, डोळ्यांत जगाविषयी माया. शेताच्या धुऱ्यावरून सख्ख्या भावाचं डोकं फोडलेला माणूससुद्धा त्या चौकटीत संतासारखा बघायचा.

"मेल्यावर मानसाचा सभाव सुधारते, सर," काकाजी म्हणायचे. "अन् तो माह्या ब्रशानं सुधारते."

या धंद्यामुळं त्यांना काही खोडी लागल्या होत्या. जिवंत माणसाकडं ते एक डोळा मिटून, मापात बघायचे. लग्नाच्या पंगतीत एखाद्या थकलेल्या आजोबांशेजारी बसून प्रेमानं सांगायचे, "बाबाजी, एखादा समोरून फोटो काढून ठेवा बरं. साइडचा नोका ठेवू, कानाचा लय तरास होते." आजोबांचा घास घशात अडकायचा. बाजाराच्या दिवशी काकाजी समोरून येताना दिसले की खोकणारी म्हातारी माणसं रस्ता ओलांडून पलीकडं जायची.

मी गणिताचा मास्तर, साताऱ्याकडचा. वरच्या मजल्यावरची पुढची खोली माझी. मागं गच्चीवर पत्र्याची एक खोली होती, तिथं काकाजी रंगवत बसायचे. ते नव्या वळणाला कसे लागले ते मी शेजारूनच पाहिलं.

झालं असं की एका घरातल्या लोकांनी त्यांच्या आजीचं चित्र सांगितलं. फोटो एकच, तोही लग्नातला घोळका. त्यात आजीचा अर्धा चेहरा भावाच्या फेट्यामागं गेलेला. काकाजींनी अर्धी आजी फोटोवरून काढली आणि उरलेली अर्धी त्या फेटेवाल्या भावावरून, मिशी वगळून. चित्र न्यायला घरचे आले. बघताबरोबर मोठी सून रडायला लागली. "अशीच होती वो माय आमची सासू. अशीच पाहे."

ते लोक गेल्यावर काकाजी गच्चीवर येऊन माझ्या दारात बसले. "सर, अर्ध्या मामाच्या गळ्यात पडून रडली ती बाई," ते म्हणाले. "जनमभर मी हेच केलं काय? साऱ्याईचे फेटे काढून मिश्या पुसल्या?"

त्यांनी त्यानंतर काही दिवस ब्रश धरला नाही. संध्याकाळी गच्चीच्या कठड्याला टेकून पलीकडच्या जिनिंगचं आवार बघत बसायचे. गाड्यांतून कापूस यायचा तो ढगासारखा, कुठूनही कसाही फुगलेला. आणि आतून बाहेर पडायच्या त्या पट्ट्या आवळलेल्या गाठी, एकावर एक रचलेल्या. एक दिवस ते जोरात हसले. म्हणाले, "कापूस तोच हाय, सर. फक्त आता त्याच्या साऱ्या बाजू समजून राह्यल्या."

दुसऱ्या दिवशी माझे फळ्यावरचे लाकडी गुण्ये गायब. ते काकाजींनी पत्र्याच्या खोलीत नेले होते. मी त्या दिवशी आठवीच्या वर्गात काटकोन त्रिकोण हातानं काढला आणि तो काटकोन नाही हे पोरांनी मला सिद्ध करून दाखवलं.

मग चित्रं येऊ लागली. खुर्ची आली, तिचे चारही पाय एका रांगेत उभे. केटली आली, आतला चहा बाहेरून दिसणारी. शेजारच्यांची म्हैस आली. म्हशीचा मालक कौतुकानं वर आला आणि बराच वेळ चित्रासमोर उभा राहिला.

"काकाजी, म्हैस कुठी हाय?"

"हे काय. चारी बाजूनं हाय. पुढूनबी, मागूनबी, वरूनबी."

"मंग दूध कोन्त्या बाजूनं काढू?"

काकाजी मनापासून समजावत. तरुणपणी नागपूरला शिकताना त्यांनी परदेशी पुस्तकांत अशी चित्रं पाहिली होती आणि मास्तरांबरोबर त्यांना हसलेही होते. आता म्हणत, "फोटो म्हंजे एक डोळा मिटून, मान न हलवता पाहनं. अशी बायको पाहते काय कोनी? तिच्या भोवतून फिराव लागते. वर्सं लागते." याला मराठीत घनवाद म्हणतात, असंही सांगत. गावानं तो शब्द पाणी न पिता गिळला आणि त्यांच्या चित्रांना 'खोके' हे नाव ठेवलं. त्या दिवसांत खोके या शब्दाला राज्यात वेगळाच अर्थ आला होता. त्यामुळं चहाच्या टपरीवर त्यांना रोज विचारणा व्हायची, "काकाजी, खोके मिळाले म्हंते तुमाले! आमाले एखादा?"

तसबिरींची कामं बंद पडली. तशीही ती कमी झाली होती. दुकानातून तासाभरात फोटो मोठा करून मिळायचा, मागं हिमालय लावून. काकाजींना खंत नव्हती. खंत काकूंनाही नव्हती. त्यांचं दुखणं वेगळं होतं.

काकू म्हणजे ठेंगणी, जलद, सदा पदर खोचलेली बाई. त्या घरात असल्या की घरात चार माणसं असल्यासारखं वाटायचं. लग्न झाल्यापासून नवऱ्याकडं त्यांचं एकच मागणं होतं.

"अजी, साऱ्या तालुक्याच्या बाया काढल्या तुमी. मले कधी काढसान?"

"मी मेलेल्याईलेच काढतो. तुले घाई हाय काय?"

हे संभाषण मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते त्यांचं देवापुढचं काहीतरी असावं असं मला वाटायला लागलं. पण घनवाद आल्यावर उत्तर बदललं. "काढतो," काकाजी म्हणाले, "आता काढतो." आणि पत्र्याच्या खोलीला आतून कडी लागली.

चित्र झालं त्या संध्याकाळी काकूंना आणि मला पत्र्याच्या खोलीत बोलावणं आलं. काकू साडी बदलून आल्या होत्या. काकाजींनी चादर ओढली.

मी गणिताचा माणूस, मला चित्रातलं कळत नाही. पण दिसलं ते असं. एक निमुळता पिवळा त्रिकोण, त्यात दोन डोळे, दोन्ही एकाच बाजूला, एकाखाली एक. नाक बाजूला सरकून कानाच्या जागी आलेलं. तोंडाजवळ करवतीसारखे दाते. मध्ये एक मोठा निळा चौकोन, रिकामा. खाली हात असावेत, पण ते पाच होते.

"हे काय हाय?" काकूंनी विचारलं.

"तू."

काकू काही बोलल्या नाहीत, आणि मी तिथं राहिल्यापासून तसं पहिल्यांदाच घडलं. त्या खाली गेल्या. सकाळी मी शाळेला निघालो तेव्हा त्या पिशवी घेऊन रिक्षाची वाट बघत फाटकात उभ्या होत्या.

"जानेफळले चालली, भावाकडं," त्या मला म्हणाल्या. "त्याईले सांगा, वरन-भात त्या पाच हातवालीच्या हातचा खा म्हनाव."

पहिले काही दिवस काकाजी तोऱ्यात होते. मग त्यांचा चेहराच कोन पडल्यासारखा दिसायला लागला. खिचडी मी करायचो, ते खायचे. काकूंना फोन लावला की त्यांचा भाऊ उचलायचा आणि सोयाबीनचा भाव सांगून ठेवून द्यायचा. पुण्यातल्या मुलानं व्हिडिओवर चित्र बघितलं आणि "बाबा, सॉरी म्हणून टाका" एवढाच सल्ला दिला. एका रविवारी काकाजींनी चित्र चादरीत गुंडाळलं.

"चला सर, जानेफळले."

"चित्र कशाला?"

"पुरावा हाय तो. अन् तुमी साक्षीदार. गनिताचे मानूस हाय, लोक तुमचं ऐकतीन."

खामगावला बस बदलली. दुसऱ्या बसच्या कंडक्टरला चादरीतली वस्तू दरवाजा वाटला. दरवाज्याला तिकीट पडेल म्हणाला. काकाजींनी चादर बाजूला केली. तेवढ्यानं अर्धी बस उभी राहिली.

"हे कोन हाय?" कंडक्टरनं विचारलं.

"हे कोनच आहेत," काकाजी खुशीत येऊन म्हणाले. "हा लघुकोन, हा विशालकोन."

"कोन म्हंजे, मानूस कोन?"

"माही बायको."

कंडक्टरनं एकदा चित्राकडं पाहिलं, एकदा काकाजींकडं, आणि तिकिटाचं नाव न काढता पुढं गेला. मागच्या बाकावरच्या एका फेटेवाल्यांनी मात्र चष्मा लावून चित्र नीट तपासलं. "हा वाटनीचा नकाशा दिसते," ते म्हणाले. "निळं वावर कोनाले गेलं? अन् पांदन कुठून काढली?" काकाजी त्यांना पूर्ण वाटभर पांदण, म्हणजे शेतातली गाडीवाट, दाखवत होते.

जानेफळला ओसरीवर सगळं घर जमलं. काकूंचा भाऊ, वहिनी, शेजारचे दोघे-तिघे. काकू आतल्या दाराच्या चौकटीत, आमच्याकडं अर्धी पाठ करून. चित्र भिंतीला टेकवून ठेवलं, आरोपीसारखं. भावानं हाताची घडी घालून बघितलं आणि अगदी शांतपणे सुरुवात केली.

"भाऊजी, आमी अक्का तुमाले देली तवा तिचं नाक मधातच होतं."

सगळे हसले. काकाजीही हसणार होते, पण काकू हसत नाहीत हे बघून थांबले.

"सर, तुमी गनिताचे," भाऊ माझ्याकडं वळला. "याचं उत्तर काय येते?"

मी म्हणालो, अशा चित्रांना तसं उत्तर नसतं, ती एक पद्धत आहे. माझ्या तोंडूनच ते इतकं लटकं वाटलं की वहिनींनी दयेनं माझ्या बशीत आणखी एक लाडू ठेवला.

मग काकू स्वतः पुढं आल्या. "मले समजावा," त्या म्हणाल्या. "हे दोन डोये एका बाजूले काऊन?"

"एक डोया तू स्वयंपाकघरातून ठेवते माह्यावर. एक बैठकीतून. दोन्हीचा रोख माह्याकडंच असते. मले तरी तसाच दिसते."

"अन् हात पाच?"

"सकाळी मोजून पाह्य."

"हे करवत?"

"आता ते इथं सांगाव लागन काय, साऱ्यासमोर?"

ओसरी पुन्हा हसली. काकूंच्या ओठाचा कोपरा हलल्यासारखा झाला, पण त्यांनी तो दाबला. बोट निळ्या चौकोनावर ठेवलं.

"अन् हे रिकामं काय हाय मधात?"

काकाजींनी टोपी काढली, परत घातली.

"ते तुही पाठ हाय," ते म्हणाले. "तुह्या आई गेल्या, तवा तू याच घरात होती. निरोप आला त वेळेवर निघाव लागत होतं मले. पन एका सेठच्या मायची तेरवी होती, तसबीर अर्धी होती. म्हटलं, पुरी करून जातो. दोन दिवस उशिरा आलो. तू त्या खांबाजवळ बसली होती निळं लुगडं नेसून. मी आलो अन् तू तोंड फिरवलं. मी मागं बसून राह्यलो. दुसरं काही दिसतच नव्हतं मले, पाठच दिसत होती. ती तवापासून माह्यापाशी हाय. कुठी ठेवाव, समजत नव्हतं."

भाऊ उठून उगाच अंगणातल्या दोरीवरचे कपडे नीट करायला लागला. वहिनींनी पदर तोंडाला लावला. मी लाडू हातात धरून बसलो, तो खावा की ठेवावा कळेना.

काकूंनी निळ्यावरचं बोट उचललं. मग म्हणाल्या, "एवढं आठवते, अन् नाक आठवत नाई?"

तह झाला तो असा. काकाजींनी एक सरळ चित्र काढायचं. जसं लोकांच्या बायकांचं काढत आले तसं. नाक मध्ये, डोळे दोन बाजूंना, हात असतील तर दोन. ते झालं की काकू येतील. भाऊ म्हणाला, "चांगलं शांत काढा, भाऊजी. चार लोकांत दाखवाले पाह्यजे."

काकाजींनी परत आल्यावर ते झपाट्यानं उरकलं. हात सरावाचा होता. पुतणीच्या लग्नातला फोटो घेतला आणि तसबीर उतरवली. पैठणी, नथ, गालावर लाली, ओठांवर जेमतेम हसू, डोळ्यांत जगाविषयी माया. काकू आल्या, बघून हरखल्या. चित्र बैठकीत दारासमोरच्या भिंतीवर लागलं. चौकोनी काकू पत्र्याच्या खोलीत गेल्या. घरात पुन्हा फोडणीचा वास आला, आणि माझी खिचडी सुटली.

पण गावाला काकाजींच्या हातची तसबीर म्हणजे काय ते माहीत होतं. दूधवाला पहिल्याच दिवशी दारातून आत बघून मापटं हातात धरून थबकला. गल्लीतली एक सूनबाई देवळातून येताना आत डोकावली आणि चित्राला नमस्कार करून गेली. काकूंनी तो आपल्या पैठणीला आहे असं समजून घेतला.

मग एका दुपारी डोणगावचे लांबचे एक पाहुणे आले, निवृत्त तलाठी. मी बैठकीत पेपर वाचत होतो. पाहुण्यांची नजर भिंतीवर गेली. त्यांनी टोपी काढली, चपला मागं सरकवल्या, आणि काकाजींचा हात दोन्ही हातांत धरून खुर्चीवर बसले.

"कधी झालं हे?"

काकाजींनी चित्राकडं पाहिलं, पाहुण्यांकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत काय चमकलं ते मला दिसलं, पण मला मध्ये बोलायला उशीर झाला.

"झाले काही दिवस," ते हळू आवाजात म्हणाले.

"आमाले कळवलंबी नाई. लय तरास झाला का?"

"तिले नाई झाला. मले झाला."

"होते बाप्पा. बाई मोठी शांत होती."

"हे तुमी चित्रावरून म्हनून राह्यले," काकाजी म्हणाले.

तेवढ्यात काकू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. "केव्हा आले, भाऊ? साखर चालते ना?"

पाहुण्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. चहा सगळा पाहुण्यांच्या धोतरावर. त्यानंतर अर्धा तास काकू नवऱ्याला जे बोलल्या ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असणार, कारण तिकडून दोघं बघायला आले. पाहुणे मात्र हसू आवरेपर्यंत थांबले आणि दुसरा चहा पिऊनच उठले.

ते गेल्यावर काकू त्या तसबिरीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं. मग स्टूल ओढलं.

"काय करते?" काकाजींनी विचारलं.

"हे मेलीच हाय वो. कुठूनबी पाहा, मेलीच दिसते." त्यांनी तसबीर खिळ्यावरून काढली. "अन् इतकी गप मी कधी होती?"

ती तसबीर त्यांनी जानेफळला भावाकडं पाठवली, ज्याला शांत बहीण पाहिजे त्यानं ठेवावी, असा निरोप देऊन. आणि पत्र्याच्या खोलीतलं चित्र स्वतः खाली आणून त्या जागी लावलं. ते खिळ्यावर थोडं तिरकं बसलं. मी सरळ करायला गेलो तर काकाजी म्हणाले, राहू द्या, कुणाला कळणार आहे.

त्यानंतर काकूंनी घनवाद हातात घेतला. रोज वर जायच्या आणि चुका काढायच्या. "हा कोपरा कुठून आनला? काल दिवसभर तुमी मले तिकडून पाह्यलंच नाई." काकाजी मान खाली घालून कोपरा पुसायचे. काकूंची आणखी पाच-सहा चित्रं झाली. एकही विकलं गेलं नाही, कुणी मागितलंही नाही.

माझी बदली झाली ती चार-पाच वर्षांनी. टेम्पोत सामान भरून झालं तेव्हा मी काकाजींना म्हणालो, "माझंही एक काढा ना."

ते माझ्याभोवती हळूहळू फिरले. एक डोळा मिटला नाही, हे मी मुद्दाम पाहिलं. मग मान हलवली.

"नाई निघत, सर. इतके वर्सं राह्यले, पन एकच बाजू दाखवली तुमी. सभ्य. एका बाजूचं काय काढाव?"

मला ते लागलं. का लागलं माहीत नाही. फाटकापाशी आलो आणि तोंडातून निघून गेलं, "काकाजी, सभ्य म्हणून सांगितलं नाही, पण पहाटे तुम्ही पाण्याची मोटर लावता ती बरोबर माझ्या डोक्याखाली असते. एक दिवस मी धड झोपलेलो नाही या घरात."

"मंग टाकी तुमच्यासाठी दुपारी भराव काय?" काकू पायरीवरून म्हणाल्या. "आंघोयीले तीन बादल्या लागते या मानसाले!"

"तीन? तुमच्या घरात दुसरी बादली फुटकी आहे, काकू. ती मोजता का?"

"फुटकी कोनं केली?"

आता मला थांबता येईना. बादली, मोटर, गच्चीवर वाळत घातलेल्या, मला शिंकायला लावणाऱ्या लाल मिरच्या, माझे परत न आलेले गुण्ये, सगळं बाहेर आलं. माझा आवाज चढला होता. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. काकूही दोन पायऱ्या उतरून आल्या होत्या, पदर खोचून. आणि काकाजी आत पळाले होते, ते कागद आणि पेन्सिल घेऊन बाहेर आले. माझ्या डावीकडून एकदा, मागून एकदा, काकूंना हातानं जरा बाजूला सारून पुन्हा समोरून, भराभर रेघा मारत फिरत होते.

"बोला, सर, बोला," ते म्हणत होते. "थांबू नोका. आता दिसून राह्यले तुमी."